बांगड्याच्या पोटात ऊन कसं पोचतं

मासे खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसालाही हा प्रश्न सहसा पडत नाही, की समुद्रात एवढे मासे आहेत तर ते सगळे खातात काय. मोठा मासा छोट्याला खातो हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं, पण ते अर्धवट आहे, कारण छोटा त्याच्याहून छोट्याला खातो, तो अजून बारक्याला, असं करत करत शेवटी कुणीतरी असा लागतोच ना जो कुणालाच खात नाही आणि तरी जगतो. जमिनीवर ते काम गवत, झाडं, भात, ज्वारी करतात. समुद्रात गवत कुठाय? किनाऱ्याच्या खडकांवर थोडं शेवाळ असतं, खाडीत कांदळवन असतं, पण मालवणातून किंवा रत्नागिरीतून बोट घेऊन पंचवीस-तीस किलोमीटर आत गेलात की नुसतं पाणी. आणि तारली, बांगडे, सुरमई, कुपा (म्हणजे ट्यूना) हे सगळे तर तिथेही मिळतात.

तर झाडं पाण्यातच असतात, फक्त दिसत नाहीत. फायटोप्लँक्टन म्हणतात त्यांना, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या, ऊन खाऊन जगणाऱ्या एकपेशीय वनस्पती (काही खरं तर बॅक्टेरिया आहेत, पण काम तेच). यातल्या डायटम नावाच्या मंडळींना काचेसारखं सिलिकाचं कवच असतं आणि मायक्रोस्कोपखाली त्या इतक्या सुंदर दिसतात की माणूस तासभर हलत नाही. दुसऱ्या टोकाला प्रोक्लोरोकॉकस नावाचा बॅक्टेरिया आहे, तो ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दीड हजाराच्या वर एका रांगेत बसतील. खुल्या गरम समुद्रात एक मिलिलिटर पाण्यात हे लाखभर असू शकतात. पृथ्वीवर ऊन खाणाऱ्या सजीवांमध्ये संख्येने सगळ्यात जास्त हाच, आणि गंमत म्हणजे याचा पत्ता लागला १९८०च्या दशकात, पेनी चिजहोम आणि रॉब ओल्सन वगैरे मंडळींनी रक्तपेशी मोजायला वापरतात तसलं लेझरचं मशीन बोटीवर नेलं तेव्हा. पेपर आला १९८८ साली. त्याआधी समुद्रावर संशोधन करणारे लोक या जिवाने भरलेलं पाणी बादल्या भरभरून उपसत होते आणि तो त्यांच्या गाळणीतून आरामात निसटत होता.

फोटोसिंथेसिस शाळेत शिकलोय तेच, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घ्यायचं, उन्हाची एनर्जी वापरून साखर करायची आणि ऑक्सिजन सोडायचा. अख्ख्या पृथ्वीवर वर्षाला साधारण १०,५०० कोटी टन कार्बन असा बांधला जातो, असा हिशोब १९९८ साली सॅटेलाइटच्या डेटावरून मांडला गेला, आणि त्यातला जवळजवळ ४,८५० कोटी टन, म्हणजे निम्म्याला थोडा कमी, समुद्रातला.

इथे एक व्हॉट्सअप फॉरवर्ड आठवला असेल, "तुमचा दर दुसरा श्वास समुद्र देतो". ऑक्सिजन तयार होतो निम्मा हे बरोबर आहे, पण समुद्रात तयार झालेला जवळपास सगळा ऑक्सिजन समुद्रातलेच बॅक्टेरिया, मासे आणि बाकीचे जीव वापरून टाकतात. हवेत जो साठा आहे तो कोट्यवधी वर्षांत थोडा थोडा शिल्लक पडत जमा झालेला आहे, आजच्या डायटमने आज सोडलेला आपण आज घेतोय असं काही नाही. त्यामुळे उद्या प्लँक्टन संपलं तर परवा आपण गुदमरून मरू असं होणार नाही. उपाशी मात्र बरेच जण मरतील, आधी समुद्रातले.

आता खरी विचित्र गोष्ट. जमिनीवरच्या सगळ्या झाडाझुडपांचं वजन केलं आणि त्यातला नुसता कार्बन मोजला तर तो साधारण ४५,००० कोटी टन भरतो. समुद्रातल्या सगळ्या ऊन खाणाऱ्यांचा भरतो जेमतेम १०० कोटी टनांच्या आसपास. म्हणजे माल आहे साडेचारशेव्या हिश्श्याएवढा आणि उत्पादन जवळपास सारखं. हे कसं? स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीसारखं. कधीही बघा, परातीत पंधरा-वीसच वडे दिसतात, पण संध्याकाळपर्यंत हजारभर विकले गेलेले असतात, कारण तळला की खपला. फर्निचरच्या दुकानात माल भरपूर, पण एक कपाट सहा-सहा महिने हलत नाही. जंगल म्हणजे ते फर्निचरचं दुकान (आणि लाकूडही तेच). वरच्या आकड्यांचा भागाकार करून बघा, समुद्रातला अख्खा स्टॉक वर्षाला अठ्ठेचाळीस वेळा बदलतो, म्हणजे साधारण दर आठवड्याला सगळाच्या सगळा नवीन, आणि जमिनीवर तोच हिशोब आठ वर्षांचा येतो.

याचं कारण सोपं आहे. झाडाला उभं राहायला खोड लागतं, मुळं लागतात, ती कुणी सहज खात नाही. एका पेशीला ना खोड ना मूळ, अख्खीच्या अख्खी खाण्यालायक, आणि ती दिवसात एकदा फुटून दोन होते तोवर कुणीतरी एकीला गिळलेलं असतं. त्यामुळे समुद्रात एक उलटंच चित्र दिसतं, कुठल्याही एका क्षणी खाणाऱ्यांचं एकूण वजन खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींच्या पाचपट वगैरे असतं. पुस्तकातला तो पिरॅमिड, खाली गवत रुंद आणि वर वाघ बारीक, तो इथे डोक्यावर उभा राहतो. पण फक्त वजनाचा. एनर्जीचा पिरॅमिड कधीच उलटा होत नाही, तो भागाकार नंतर येतोच आहे.

मग समुद्र सगळीकडे सारखा का पिकत नाही? ऊन तर सगळीकडे आहे, पाणी तर विचारायलाच नको. अडचण अशी की ऊन वर आहे आणि खत खाली. लाल प्रकाश पहिल्या काही मीटरातच शोषला जातो, निळा खोल जातो, पण अगदी स्वच्छ निळ्या समुद्रातही शंभरेक मीटरवर एक टक्काच उजेड उरतो आणि मुंबईच्या आसपासच्या गढूळ पाण्यात तर काही मीटरातच काळोख. म्हणजे सरासरी पावणेचार किलोमीटर खोल समुद्रात शेती होते ती वरच्या या पातळ थरात. आता पेशीला नुसतं ऊन पुरत नाही, नायट्रेट लागतं, फॉस्फेट लागतं, डायटमला वर सिलिकाही लागतं, आणि चिमूटभर लोह. अल्फ्रेड रेडफिल्डने १९३४ साली दाखवलं की समुद्रात जवळपास कुठेही गेलात तरी प्लँक्टनमध्ये हे घटक साधारण ठरलेल्या प्रमाणात असतात, आज आपण ते १०६ कार्बनला १६ नायट्रोजन आणि १ फॉस्फरस असं सांगतो. म्हणजे एक गोष्ट संपली की बाकीच्या कितीही असोत, काम बंद. आणि वरच्या थरातलं खत सारखं संपतच असतं, कारण मेलेल्या पेशी, विष्ठा, कवचं सगळं गुरुत्वाकर्षणाने खाली जातं आणि सोबत नायट्रोजन-फॉस्फरस घेऊन जातं. खाली काळोखात बॅक्टेरिया ते कुजवून पुन्हा खत करतात, पण तिथे ऊन नाही. वरचं पाणी गरम, हलकं, ते वरच तरंगतं, खालचं थंड आणि जड, दोघं आपणहून मिसळत नाहीत. उष्ण कटिबंधातला निळाशार काचेसारखा समुद्र, लक्षद्वीपच्या फोटोत दिसतो तसा, म्हणजे मुख्यतः उपाशी समुद्र. हिरवट, थोडं गढूळ, वास मारणारं पाणी दिसलं तर समजावं तिथे काहीतरी शिजतंय.

तर मग खालचं पाणी वर आणायचं कुणी? आपल्या अरबी समुद्रात हे काम मान्सून करतो, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण पावसाचा आणि माशांचा संबंध आपण लावतो तो बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने लावतो. पाऊस पडतो, नद्या माती आणतात, मासे येतात, असं बरेच जण सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे खाडी आणि किनाऱ्यापुरतं. पण मोठं काम वारा करतो. जून ते सप्टेंबर नैऋत्येचा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर जोरात वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी वाऱ्याच्या उजवीकडे सरकतं, उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून लांब, आणि मग ती जागा भरायला खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. याला अपवेलिंग म्हणतात. भर मान्सूनमध्ये, विषुववृत्तापासून फार लांब नसलेल्या सोमालियाच्या किनाऱ्यावर पाणी २० अंशांच्या आसपास उतरतं, आपण मुंबईत घामाने भिजत असताना. आपल्या बाजूला केरळ-कर्नाटकच्या किनाऱ्यावरही हेच होतं, तिथे वाऱ्याचा थोडा भाग किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे जातो म्हणून पाणी पश्चिमेकडे ढकललं जातं, आणि जसजसं उत्तरेकडे गोवा, सिंधुदुर्ग करत वर याल तसतसा त्याचा जोर कमी होतो.

मान्सून संपला की काम संपलं असंही नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तर अरबी समुद्रावर, म्हणजे साधारण गुजरातच्या पुढे, ईशान्येकडून कोरडा गार वारा येतो, त्याने वरच्या पाण्याची वाफ होते, पाणी थंड आणि खारट होऊन जड होतं आणि खाली बसतं, मग वर-खाली घुसळण होऊन शंभरेक मीटरपर्यंतचं पाणी एकजीव होतं. खत वर. त्यामुळे थंडीत पुन्हा एक पीक येतं. ही गोष्ट गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडली. गार पाणी खाली बसून होणारी अशी घुसळण हे एरवी थंड देशांचं काम समजलं जातं.

शेजारच्या बंगालच्या उपसागराशी तुलना केली की वाऱ्याचं महत्त्व कळतं. तिकडे गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, इरावती एवढ्या नद्या पडतात, माती येते, खत येतं, तरी खुल्या पाण्यात उत्पादन अरबी समुद्रापेक्षा कमी. कारण गोडं पाणी हलकं, ते वर पसरून बसतं आणि वाऱ्याला ते फोडून खालचं पाणी उपसता येत नाही, शिवाय ढग आणि गाळ यांनी उजेडही अडतो. मोठ्या नद्या फारशा नसलेला, कडेला वाळवंटं असलेला समुद्र जास्त पिकतो आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या नद्यांपैकी दोन ज्यात पडतात तो कमी. आणि ती वाळवंटंही फुकट नाहीत, तिथली धूळ उडून येते तिच्यातून लोह मिळतं.

बरं, पीक आलं. आता ते बांगड्यापर्यंत जाणार कसं आणि किती पोचणार?

रेमंड लिंडेमन नावाचा एक तरुण अमेरिकन होता, मिनेसोटातल्या सेडार बॉग लेक नावाच्या छोट्याशा तळ्यात त्याने कोण कोणाला किती खातं याचा एनर्जीच्या भाषेत हिशोब मांडला. पेपर आधी परीक्षकांनी नाकारला, शेवटी १९४२ साली छापून आला आणि तो बघायला लिंडेमन नव्हता, त्याच वर्षी अवघ्या सव्वीस वर्षांचा असताना वारला. त्याच्या हिशोबातून पुढे जो ढोबळ नियम झाला तो असा, की एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहावा हिस्साच जातो. पुढे १९९५ साली डॅनियल पॉली आणि विली क्रिस्तेन्सेन यांनी पाण्यातल्या बऱ्याच परिसंस्थांचे आकडे एकत्र करून बघितले तर सरासरी खरोखरच दहा टक्क्यांच्या जवळ आली, अर्थात प्रत्येक ठिकाणी वेगळी. उरलेले नव्वद कुठे जातात? पोहण्यात, श्वासात, अंगाची डागडुजी करण्यात, जे पचलं नाही ते विष्ठेतून, आणि जे कुणी खाल्लंच नाही ते मरून खाली. एनर्जी नष्ट होत नाही, उष्णता होऊन विखुरते, आणि विखुरलेली उष्णता कुणाला खाता येत नाही. खत परत परत वापरता येतं, ऊन एकदाच.

आता हा दहाचा भागाकार मनात धरून मासळीबाजारात जा. तारली (मालवणकडे पेडवे) डायटम थेट गाळून खाते, सोबत थोडे झूप्लँक्टनही (म्हणजे पाण्याबरोबर वाहणारे बारीक प्राणी). बांगडाही कल्ल्यांतल्या काट्यांच्या गाळणीने प्लँक्टनच खातो, त्यात कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी जीव जास्त. सुरमई तारली, मांदेली, छोटे बांगडे खाते. म्हणजे एक किलो तारलीमागे दहा-पंधरा ते तीसेक किलो वनस्पती धरा, आणि एक किलो सुरमईमागे दहा किलो तारली-मांदेली, म्हणजे काही शे किलो वनस्पती, मधे अजून एखादी पायरी घुसली तर हजारच्या वर. उन्हाच्या हिशोबात सुरमई प्रचंड महाग मासा आहे, आणि योगायोगाने बाजारातही महागच. (पापलेट या नियमात बसत नाही, तो प्लँक्टन आणि जेलीफिशसारखे मऊ जीव खाऊन खालच्या पायरीवरच राहतो, त्याचा भाव आपल्या जिभेने ठरवलाय.)

पण पायऱ्या किती असणार हे ठरवतं कोण? सुरमई नाही ठरवत. ते ठरतं पहिल्या पेशीच्या आकारावर, आणि समुद्राबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. जमिनीवर हत्ती झाडाचा पाला खाऊ शकतो, किडाही खाऊ शकतो, आकाराचं बंधन नाही. पाण्यात खाणारा बहुतेक वेळा पूर्ण जीव गिळतो आणि स्वतःपेक्षा बऱ्याच पण ठराविकच पट लहान गिळतो. डायटम पन्नास मायक्रॉनची असेल, साखळी करून राहत असेल, तर तारलीच्या गाळणीत अडकते, काम झालं, एक पायरी. पण पहिली पेशी ०.६ मायक्रॉनची असेल तर कुठल्याच माशाची गाळण तिला पकडू शकत नाही. तिला खाणार काही मायक्रॉनचा फ्लॅजेलेट (शेपटी हलवत पोहणारा एकपेशीय जीव), त्याला सिलिएट (अंगावर बारीक केस असलेला, जरा मोठा एकपेशीय जीव), सिलिएटला कोपेपॉड, कोपेपॉडला छोटा मासा, त्याला मोठा, आणि प्रत्येक ठिकाणी नव्वद टक्के गेले. खत भरपूर असलं की मोठ्या डायटम वाढतात, खत कमी असलं की बारक्या पेशींचं राज्य, कारण बारक्या पेशीला तिच्या आकाराच्या मानाने पृष्ठभाग जास्त मिळतो आणि कणभर खतही शोषता येतं. म्हणजे उपाशी समुद्राला दुहेरी फटका, उत्पादन कमी आणि वर पायऱ्या जास्त.

जॉन रायथरने १९६९ साली 'सायन्स' या नियतकालिकात हाच हिशोब अख्ख्या जगासाठी मांडला. खुला समुद्र क्षेत्रफळाने नव्वद टक्के, तिथे त्याने पाच पायऱ्या धरल्या आणि प्रत्येकीला दहा टक्के. किनाऱ्याला तीन पायऱ्या आणि पंधरा टक्के. अपवेलिंगच्या जागी दीडच पायरी आणि वीस टक्के. उत्तर असं आलं की समुद्राच्या ०.१ टक्के क्षेत्रातून जगातले निम्मे मासे तयार होऊ शकतात. त्याच्या आकड्यांवर लगेच वाद झाले, आणि रास्तच, कारण पाव-अर्धी पायरी इकडची तिकडे केली तरी उत्तर कितीतरी पटींनी बदलतं. पण पेरू, नामिबिया, ओमान, केरळ या जागा माशांनी का भरलेल्या असतात याचं कारण त्याने बरोबर पकडलं होतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर चित्र नीटनेटकं वाटलं असतं, पण १९८३ साली फारुख आझम आणि मंडळींनी त्यात एक मोठी गळती दाखवली. पेशी जगताना, मरताना, अर्धवट खाल्ली जाताना तिच्यातली बरीच साखर-प्रथिनं पाण्यात विरघळून जातात. विरघळलेली गोष्ट कुठला कोपेपॉड खाणार? ती खातात बॅक्टेरिया. बॅक्टेरियांना फ्लॅजेलेट खातात, त्यांना सिलिएट, आणि मग कुठे तो माल पुन्हा मुख्य रस्त्याला लागतो. याला मायक्रोबियल लूप म्हणतात. वर विषाणू आहेत, एका मिलिलिटरला कोटीच्या घरात, ते रोज असंख्य पेशी फोडून पुन्हा पाण्यात विरघळवतात. माशांच्या दृष्टीने हे सगळं नुकसान आहे, इतक्या पायऱ्यांतून फिरून येईपर्यंत जवळजवळ काही उरत नाही. पण खत वरच्या थरातच परत मिळत राहतं म्हणून उपाशी काळात समुद्र पूर्ण बंद पडत नाही.

अरबी समुद्रात याचा एक मस्त दाखला आहे. मान्सूनमध्ये आणि हिवाळ्यात फायटोप्लँक्टन भरपूर, मधल्या महिन्यांत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, फारच थोडं. मग त्यांना खाणारं झूप्लँक्टनही वर-खाली व्हायला पाहिजे ना? तर ते होत नाही, वर्षभर साधारण सारखंच सापडतं. याला अरबी समुद्राचं कोडं असं नावच पडलं. वर ज्यांचं नाव आलं त्या मधुप्रताप यांच्याच गटाने उत्तर सुचवलं, की भरभराटीच्या महिन्यांत पडून राहिलेला विरघळलेला माल मधल्या दुष्काळात बॅक्टेरिया खातात, आणि झूप्लँक्टन तेव्हा डायटमऐवजी या लूपमधल्या बारक्यांवर भागवतं.

मुंबई-पालघर-गुजरातच्या गढूळ पाण्यात तर अजून वेगळा रस्ता आहे. इथे उजेड कमी, पण खाड्यांतून, कांदळवनातून कुजलेली पानं आणि गाळातलं सेंद्रिय भरपूर येतं. ते आणि प्लँक्टन खातो जवळा. आणि जवळ्यावर ताव मारतो बोंबील, दिसायला लोळागोळा असला तरी तो पक्का शिकारी आहे, तोंड उघडून दात बघा कधी. म्हणजे सुकवलेला जवळा आणि सुका बोंबील एकाच साखळीतले दोन शेजारी, आणि जवळा खाणं उन्हाच्या हिशोबात स्वस्त.

जे कुणीच खाल्लं नाही ते खाली जातं. कुजताना ऑक्सिजन लागतो, आणि अरबी समुद्रात वर पीक इतकं जोरात आणि खाली ताजं पाणी यायला वाट इतकी कमी (उत्तरेला जमीनच आहे), की साधारण दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो. जगातल्या सगळ्यात दाट ऑक्सिजन-कमी पट्ट्यांपैकी हा एक. तिथेही जीव आहेत बरं का, मिक्टोफिड म्हणजे अंगावर दिवे असलेले बोटभर लांबीचे मासे, दिवसा त्या पट्ट्यात लपतात कारण मोठे शिकारी तिथे श्वास घेऊ शकत नाहीत, आणि रात्री वर येऊन झूप्लँक्टन खातात. रोज शेकडो मीटर वर-खाली, आणि सोबत वरचा कार्बन खाली नेतात. मान्सूनमध्ये अपवेलिंगने हेच कमी ऑक्सिजनचं पाणी कर्नाटक-गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या उथळ भागात चढतं. खत आणणारं पाणी तेच आणि तळाच्या माशांचा श्वास कोंडणारंही तेच.

आणि मग नॉक्टिल्युका. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री लाटा निळ्या चमकल्या की फोटो व्हायरल होतात, तोच. हा एकपेशीय जीव स्वतः शिकारी, डायटम खातो, माशांची अंडीही खातो, आणि उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पसरणारा त्याचा हिरवा प्रकार तर पोटात हजारो जिवंत हिरव्या पेशी पाळून त्यांनी बनवलेली साखरही खातो. म्हणजे शेतकरीही आणि शिकारीही. जिथे पूर्वी हिवाळ्यात डायटम भरायच्या तिथे गेल्या काही दशकांत हा पसरतोय. ऑक्सिजन कमी होतोय म्हणून, असं २०१४ साली एका गटाने म्हटलं, हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेतल्या मंडळींनी २०१८ साली ते कारण पटत नाही असं म्हटलं, भांडण चालू आहे. पण खाण्याच्या हिशोबात परिणाम स्पष्ट आहे, याला आवडीने खाणारे मुख्यतः साल्प (तरंगणारे, जेलीसारखे पारदर्शक जीव) आणि जेलीफिश, आणि त्यांना खाणारे मासे थोडे. ऊन तेवढंच पडलं, फोटोसिंथेसिसही झालं, सॅटेलाइटला समुद्र हिरवागार दिसला, आणि जाळ्यात आलं तर जेलीफिश.

तारलीचं उदाहरण याच्या उलट टोकाचं. दोन-अडीच वर्षं जगणारा मासा, मान्सूनच्या महिन्यांत अंडी घालतो, आणि पिल्लं बाहेर येतात तेव्हाच डायटमचं पीक तयार असावं लागतं. साखळी आखूड असल्याचा फायदा म्हणजे चांगल्या वर्षी मासा बेसुमार वाढतो, तोटा म्हणजे पहिली पायरी हलली की मधे सांभाळून घ्यायला कुणी नाही. केरळात २०१२ साली जवळपास ४ लाख टन तारली मिळाली होती, २०२१ साली साडेतीन हजार टनही नाही. अति मासेमारी, पिल्लं पकडणं, २०१५चा एल निनो आणि पाण्याचं वाढलेलं तापमान, सगळ्याकडे बोट दाखवलं गेलं आणि बहुधा सगळ्यांचाच हात असावा. नुसतं ट्रॉलरवाल्यांना किंवा नुसतं हवामानाला झोडपणं सोपं आहे, पण इतका आखूड साखळीतला मासा दोन्हीकडून मार खातो.

ही पहिली पायरी बघून मासे शोधायचं कामही चालतं. इन्कॉइस संस्था सॅटेलाइटवरून समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि क्लोरोफिल, म्हणजे पाण्याचा हिरवेपणा, बघते, थंड-गरम पाण्याच्या सीमा जिथे दिसतात आणि हिरवेपणा जास्त आहे तिथे मासे असण्याची शक्यता म्हणून मच्छीमारांना मेसेज जातो, अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या अंतरावर, इतक्या खोलीवर. तारली-बांगड्यासाठी हे बऱ्यापैकी जमतं, कारण ते हिरव्या पाण्यापासून एक-दोन पायऱ्याच लांब. सुरमई-कुपासाठी नुसत्या हिरवेपणावर भागत नाही, हिरव्यापासून त्यांच्यापर्यंत माल चढायला वेळ लागतो आणि तोवर पाणी सरकलेलं असतं, म्हणून कुप्यासाठी वेगळा अंदाज काढतात. मान्सूनमध्ये हे मेसेज आपल्या किनाऱ्यावर बंद असतात, एक तर १ जूनपासून मासेमारीबंदी आणि दुसरं म्हणजे वर ढग, सॅटेलाइटला रंग दिसतच नाही. म्हणजे वर्षातलं मोठं पीक येतं नेमकं तेव्हाच वरून बघायची सोय नसते, म्हणून आता अरबी समुद्रात क्लोरोफिल आणि ऑक्सिजन मोजणारे सेन्सर लावलेले तरंगते फ्लोट सोडलेत. ते हजार-दोन हजार मीटर खाली जातात, दर काही दिवसांनी मोजत मोजत वर येतात, आणि ढग असोत नसोत सॅटेलाइटला आकडे पाठवून पुन्हा बुडी मारतात.